न मारणारे विष : मधमाशी, इमिडाक्लोप्रिड आणि कांद्याचे बी

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत निफाड, येवला, चांदवड किंवा सिन्नर तालुक्यातून जाणाऱ्यास कांद्याच्या बियाण्याची शेते पांढऱ्या गोंड्यांनी भरून गेलेली दिसतात. परंतु ज्याने हे पीक स्वतः घेतले आहे त्यास हेही ठाऊक असते, की गोंडा फुलला म्हणजे बी भरले असे होत नाही. दांडा जोमदार, फूल मोठे, पाण्याची पाळी एकही चुकलेली नाही. आणि तरीही गोंडा हातावर चोळून पाहावा तो बियांपेक्षा फोलच अधिक, असा अनुभव अनेक बागाईतदारांस येतो. काही ठिकाणी तर मजूर लावून गोंड्यांवरून तळहात किंवा मऊ कापड फिरविण्याची पाळी आली आहे. जे काम माशी विनामोबदला करीत होती त्यास आता रोजमजुरी मोजावी लागते, आणि तितके करूनही माशीइतके चोख काम माणसाच्या हातून होत नाही.

बी न भरण्याची कारणे अनेक आहेत. ढगाळ हवा, अवेळी पाऊस, जांभळा करपा, फुलकिडे, पाण्याची ओढ, यांपैकी प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. परंतु एक कारण असे आहे की त्याची सूत्रे सर्वस्वी शेतकऱ्याच्याच हाती आहेत, आणि त्याविषयीच आपणांत मोठा गैरसमज आहे. तो असा : "फवारणी झाल्यावर पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला नाही, तेव्हा औषधाने माशीस बाधा झाली नाही." हा हिशेब चुकीचा आहे. जे विष माशीस त्या दिवशी मारीत नाही ते तिचे रोगाशी लढण्याचे बळ कसे काढून घेते, हे गेल्या काही वर्षांच्या संशोधनाने उघड झाले आहे. ते संशोधन आमच्या वाचकांपुढे साध्या भाषेत ठेवावे आणि त्यावरून नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याने काय करावे हे सांगावे, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

कांद्याच्या फुलास माशी का लागते

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात व ती एकदम न उमलता दोन-तीन आठवडे क्रमाने उमलत राहतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, पराग झडून जातो, आणि त्यानंतर स्त्रीकेसर परागास योग्य होतो. म्हणजे एकाच फुलातील नर व मादी भाग एका वेळी तयार नसतात. यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणी तरी नेऊन पोहोचविलाच पाहिजे. कांद्याचा पराग चिकट असल्याने वारा हे काम फारसे करीत नाही. ते कीटकांचे आहे. एका फुलाच्या बोंडात तीन कप्पे व प्रत्येकात दोन, अशी जास्तीत जास्त सहा बिये धरू शकतात. सहांऐवजी दोनच धरली, तर खत, पाणी, मजुरी यांचा खर्च तोच राहून उत्पन्न मात्र एकतृतीयांशावर येते.

येथे आणखी एक अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण पुष्कळ असल्याने मधमाशीस तो फारसा रुचत नाही. आसपास दुसरा चांगला फुलोरा असला तर माश्या तिकडे जातात. म्हणून कांद्याच्या बियाण्यास नुसत्या माश्या असून भागत नाही. भरगच्च, निरोगी व भुकेल्या अशा वसाहती लागतात. दुबळ्या वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या मोजक्या माश्या आवडीचे फूल गाठतात आणि कांदा तसाच राहतो. वसाहतीचे आरोग्य व बियाण्याचा उतारा यांचा संबंध इतका निकटचा आहे.

आपल्याकडे हे काम करणाऱ्या माश्या चार प्रकारच्या होत. कड्यावर व उंच झाडांवर मोठे पोळे बांधणारी आग्या, झुडपात एकच पोळे लावणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी व पेटीतही पाळता येणारी सातेरी, आणि बाहेरून आणून पेट्यांत पाळलेली मेलिफेरा. सातेरी साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या आत चारा शोधते. मेलिफेरा तीन किलोमीटर व त्याहूनही दूर जाते. म्हणजे तुमच्या बियाण्यावर येणारी माशी त्याच सकाळी शेजारच्या गावच्या शिवारातूनही फिरून आलेली असू शकते.

तंबाखूचा काढा आणि त्याचा वारस

आमच्या वाडवडिलांच्या काळी मावा व तुडतुडे यांवर तंबाखूचा काढा शिंपडीत. त्यातील निकोटिन हे किडीच्या मज्जातंतूंवर आघात करीत असे. परंतु ते उन्हाने लवकर नाहीसे होई. त्याच तत्त्वावर परंतु दीर्घकाळ टिकणारे असे नवे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढले. इमिडाक्लोप्रिड हे त्या वर्गातील पहिले द्रव्य 1991 च्या सुमारास बाजारात आले. थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन, ॲसिटामिप्रिड, थायाक्लोप्रिड ही सर्व त्याचीच भावंडे होत. या घराण्यास निओनिकोटिनॉइड, म्हणजे नवनिकोटिन, असे नाव पडले.

ही औषधे शेतकऱ्यास प्रिय झाली यात नवल नाही. द्राक्षावरील तुडतुडे, फुलकिडे व पिठ्या ढेकूण, आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे, कपाशीवरील मावा, या सर्वांवर ती थोड्या मात्रेत चालतात. ती आंतरप्रवाही आहेत. मुळाशी द्यावीत, बियाण्यास चोळावीत किंवा पानावर फवारावीत, झाडाच्या रसाबरोबर ती अंगभर पसरतात व रस शोषणारी कीड मरते. परंतु ज्या रसाबरोबर विष पानात जाते त्याच रसाबरोबर ते फुलात, परागात व मकरंदातही जाते. शिवाय जमिनीत ते महिनोन्‌महिने राहू शकते. आंतरप्रवाही हा जो या औषधाचा गुण, तोच माशीच्या बाजूने पाहिल्यास त्याचा दोष होय.

मात्रेची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब देतो. 17.8 टक्के इमिडाक्लोप्रिडच्या एका मिलिलिटरात सुमारे 200 मिलिग्रॅम शुद्ध विष असते. मेलिफेरा माशीच्या पोटात सुमारे 4 नॅनोग्रॅम गेले असता निम्म्या माश्या मरतात असे काही चाचण्यांत आढळले आहे. इतर काही चाचण्यांत ही मात्रा याहून बरीच अधिक भरली. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. पहिली मात्रा धरली तर बाटलीच्या झाकणात मावणाऱ्या एका मिलिलिटरात अशा पाच कोटी मात्रा होतात. अर्थात फवारलेले सर्व औषध माशीच्या पोटात जात नाही, अत्यल्प अंशच जातो. परंतु "अत्यल्प" हा शब्द येथे किती जपून वापरावा लागतो हे यावरून ध्यानी यावे.

माशी रोगाशी कशी लढते

माणसास एकदा देवी येऊन गेल्यास पुन्हा येत नसत, कारण शरीर त्या रोगजंतूची ओळख ठेवून त्याविरुद्ध खास प्रतिद्रव्ये तयार करी. कीटकांस अशी प्रतिद्रव्ये नसतात. त्यांची व्यवस्था निराळी आहे. त्यांच्या रक्तद्रवात पहारेकरी पेशी असतात. त्या शिरलेल्या जंतूस गिळतात किंवा त्यास चहूकडून वेढून कोंडतात. जखम झाली की तेथे काळपट द्रव्य जमून ती बंद होते. आणि माशीच्या उदरातील मेदपिंड वेळ पडताच जंतुनाशक प्रथिने तयार करून रक्तद्रवात सोडतो. ही प्रथिने केव्हा व किती करावयाची याचा हुकूम पेशीतील जनुकांकडून सुटतो.

2006 साली मधमाशीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले, की रोगप्रतिकाराशी संबंध असलेली जनुके माशीत फळमाशी किंवा डास यांच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच आहेत. विष पचवून निकामी करणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुककुलातील संख्याही फळमाशीच्या निम्म्याच्या आसपास आहे. माशीचे बळ एकटीच्या शरीरात कमी व कुटुंबाच्या स्वच्छतेत अधिक आहे. ती मेलेली व रोगी अळी बाहेर काढते, भेगा राळेने बुजविते, आणि आपल्या लाळेतील एका विकराने मध व अळीचे खाद्य जंतुरहित ठेवते. ज्या घरात आधीच शिबंदी थोडी, तेथे चोराने पहारेकऱ्यास गुंगी आणली तर घर लुटावयास वेळ लागत नाही.

प्रयोगांनी काय दाखविले

2010 साली फ्रान्समधील ॲव्हिन्यों येथील संशोधकांनी माश्यांस नोसेमा या आतड्याच्या रोगाचे बीजाणू व इमिडाक्लोप्रिडचे सूक्ष्म अंश, दोन्ही दिले. एकेकट्या कारणाने जितक्या माश्या मेल्या त्याहून दोन्ही एकत्र आल्यावर अधिक मेल्या. इतकेच नव्हे, तर अळीचे खाद्य जंतुरहित ठेवणारे जे विकर वर सांगितले त्याचे काम दोन्हींच्या संयोगाने मंदावले. रक्तपेशींच्या संख्येत मात्र या प्रयोगात फरक दिसला नाही.

2012 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील प्रयोग याहून बोधप्रद आहे. तेथे काही वसाहतींस दहा आठवडे असे खाद्य दिले, की त्यात इमिडाक्लोप्रिडचे प्रमाण अब्ज भागांत 5 किंवा 20 भाग होते. त्या वसाहतींत नव्याने निपजलेल्या माश्या काढून त्यांस नोसेमाची लागण केली. विष न दिलेल्या वसाहतींतील माश्यांपेक्षा यांच्या आतड्यात बीजाणू अधिक वाढले. आणि विशेष हे, की या तरुण माश्यांच्या अंगात विष तपासले असता ते सापडण्याजोग्या प्रमाणात नव्हतेच. म्हणजे विष शोधू गेल्यास मिळत नाही, आणि त्याचा परिणाम मात्र समोर असतो. पेटीपुढचा सडा पाहून निर्णय करणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवावी.

2013 साली इटलीतील नेपल्स व उदिने येथील शास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा जनुकांच्या पातळीवर केला. माशीच्या पेशीत एक प्रथिन असे आहे, की त्याने चेतना दिली म्हणजे प्रतिकाराची सर्व यंत्रणा कामास लागते. ही यंत्रणा सदा चालू राहणे शरीरास परवडत नाही, म्हणून तिला आवरणारे दुसरे एक प्रथिन निसर्गाने ठेवले आहे. पहिल्यास बैल म्हटले तर दुसऱ्यास वेसण म्हणावे. क्लोथियानिडिन दिलेल्या माश्यांत ही वेसण तयार करणारे जनुक वाजवीपेक्षा अधिक काम करू लागले. वेसण आवळली गेली, बैल जागचा हलेना, आणि माशीच्या अंगात आजवर निपचित पडून असलेला पंख-विकृतीचा विषाणू झपाट्याने वाढू लागला. इमिडाक्लोप्रिडनेही असाच परिणाम केला. क्लोरपायरीफॉस या निराळ्या वर्गातील औषधाने मात्र ही वेसण आवळली गेली नाही. यावरून हा दोष या घराण्याच्या औषधांचा खास आहे, कोणत्याही विषाचा सर्वसामान्य नव्हे, असे दिसते.

याच वर्षी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पेट्यांस पंधरा दिवस असा पाक पाजला, की त्याच्या एका लिटरात इमिडाक्लोप्रिड अवघे 2 मायक्रोग्रॅम होते. आमच्या मापाने सांगावयाचे तर वर सांगितलेल्या औषधाचा एक मिलिलिटर एक लाख लिटर पाकात कालवावा, तेव्हा ही मात्रा होते. इतक्यानेही पोळ्यातील अळ्यांच्या जनुकांचे काम बदललेले आढळले. विष पचविणारी काही जनुके अधिक राबू लागली आणि साखरेपासून शक्ती काढण्याच्या कामातील काही जनुके मंदावली. अळी मेली नाही. परंतु वाढीसाठी ठेवलेली पुंजी तिला विष निस्तरण्याकडे वळवावी लागली.

2016 साली जर्मनीतील किर्चहाइन येथील मधमाशी-संस्थेत इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायाक्लोप्रिड या तिन्हींची परीक्षा झाली. येथे रक्तपेशींची संख्या घटली, शत्रूस वेढून कोंडण्याची क्रिया दुर्बल झाली व रक्तद्रवाची जंतुनाशक शक्तीही उतरली. फ्रान्सच्या प्रयोगात पेशी घटल्या नव्हत्या, येथे घटल्या. मात्रा, मुदत व पद्धत बदलली म्हणजे तपशिलात असा फरक पडतो. रोगाशी लढताना माशी उणी पडते, हा मथितार्थ मात्र दोन्हीकडे एकच आहे.

एक खुलासा अवश्य केला पाहिजे. येथे जनुक बिघडते किंवा त्याचा मजकूर बदलतो असे कोणी समजू नये. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील अक्षरे तीच राहावीत, परंतु वाचणाऱ्याने एक ओळ मोठ्याने वाचावी व दुसरी गाळावी, तसा हा प्रकार आहे. जनुकांचे लेखन जसेच्या तसे राहते. कोणते जनुक किती काम करील, यात फरक पडतो.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

कोणी म्हणेल, की हे सर्व प्रयोगशाळेतील आहे आणि तेही परदेशी माशीवर. शिवारात असे घडतेच असे नाही. हा आक्षेप टाकाऊ नाही. 2017 साली इंग्लंड, जर्मनी व हंगेरी या तीन देशांत मोहरीवर्गीय पिकाच्या प्रत्यक्ष शेतांवर मोठा प्रयोग झाला. त्यात हंगेरी व इंग्लंड येथे मधमाश्यांवर अनिष्ट परिणाम दिसले. जर्मनीत तसे दिसले नाहीत. जेथे वसाहती मुळात निरोगी होत्या व आसपास रानफुलांचा चारा विपुल होता, तेथे विषाची झळ कमी लागली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

परंतु हा निष्कर्ष आमच्या बाजूचा नसून आमच्याविरुद्धच आहे. कारण द्राक्ष-कांद्याच्या सलग पट्ट्यात बांध तणनाशकाने स्वच्छ झालेले आहेत, बाभूळ, करंज, जांभूळ तुटलेली आहेत, आणि उन्हाळ्यात माशीस चारा दुर्मिळ आहे. उपाशी व एकाच फुलावर जगणाऱ्या माशीस तेच विष अधिक बाधते. आमच्या सातेरीची कहाणीही विसरण्यासारखी नाही. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या अळीच्या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. ती साथ विषामुळे आली असे आम्ही म्हणत नाही. विषाणूपुढे सातेरी किती लवकर कोसळते एवढेच ती दाखविते. आणि ज्या माशीस असा शत्रू घरातच आहे तिची वेसण आपण आपल्या हाताने आवळू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

माशी अशा फुलास चव घेऊन टाळील, असेही काही जण समजतात. 2015 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे याची परीक्षा झाली. माशीस इमिडाक्लोप्रिडची चव कळत नाही. उलट साधा पाक व हे विष घातलेला पाक शेजारी ठेवले असता ती विषाच्या पाकाकडेच अधिक वळली.

द्राक्षाची रीत कांद्यास लागू नाही

आपल्या जिल्ह्यात द्राक्ष व कांदा ही दोन पिके बांधाला बांध लावून उभी असतात, आणि बहुधा एकाच कुटुंबाच्या हातात असतात. द्राक्षाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. माशी आली न आली तरी घड भरतो. त्यामुळे बागाईतदाराच्या फवारणीच्या वेळापत्रकात माशीस स्थानच नसते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात आमची द्राक्षे अडली, तेव्हापासून अवशेषांविषयी निर्यातदार विलक्षण जागरूक झाला आहे. फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे त्यास मुखोद्गत असते. परंतु ते अंतर फळ खाणाऱ्या माणसासाठी मोजलेले आहे. माशीसाठी फूल उमलले तोच काढणीचा दिवस होय. ती दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचेही असेच आहे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील 1971 च्या नियमांप्रमाणे लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग प्रयोगातील सस्तन प्राण्यांस किती मात्रेने मरण येते यावरून ठरतात. त्यात माशीचा हिशेब नाही. त्रिकोण सौम्य म्हणून औषध माशीस सौम्य, असा अर्थ कोणी काढू नये. माशीविषयीची सूचना डब्याबरोबरच्या पत्रकात निराळी वाचावी.

युरोपीय संघाने 2013 साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम यांवर माशीस आकर्षक पिकांपुरते निर्बंध घातले, आणि 2018 साली उघड्या शेतातील त्यांचा वापर सर्वस्वी बंद केला. पुढे 2023 साली, बाहेरून येणाऱ्या मालातील क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम यांच्या अवशेषांची मर्यादा मार्च 2026 पासून तपासणीत सापडेल इतक्या किमान प्रमाणावर आणण्याचे त्याने ठरविले. आणि त्याचे कारण परागवाहक कीटकांचे रक्षण हे दिले. माशीचा प्रश्न या वाटेने निर्यातीच्या दारापर्यंत आला आहे, हे द्राक्षबागाईतदारानेही समजून असावे.

आता काय करावे

औषध सर्वस्वी टाकून द्या असा उपदेश आम्ही करीत नाही. पिठ्या ढेकणाने बाग काळी पडलेली ज्याने पाहिली आहे त्यास तो पटणारही नाही. परंतु पुढील गोष्टी कोणासही करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, कांदा बियाण्याच्या शेतात मातृकंद लावल्यापासून बी धरेपर्यंत या घराण्याचे औषध कंदास, ठिबकातून किंवा फवाऱ्याने देऊ नये. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच करावा. राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्थेने सुचविलेली, शेताभोवती बाहेरून मका व आतून गहू यांच्या ओळींची कड लावण्याची रीत स्वस्त आहे. तिने फुलकिड्यांची आवक अडते.

दुसरी गोष्ट, सायंकाळी फवारले म्हणजे सर्व दोष टळला असे मानू नये. माश्या परतल्यावर फवारणी करणे चांगलेच, कारण स्पर्शाने मारणाऱ्या औषधाचा ओला थेंब त्यांच्या अंगावर पडत नाही. परंतु आंतरप्रवाही औषध रात्रीत नाहीसे होत नाही. ते रसातून फुलात जाते व पुढे अनेक सकाळी मकरंदातून माशीस मिळत राहते. फुलोऱ्यातील पिकावर त्याची सायंकाळची फवारणी हाही दोषच आहे. हाच नियम आंब्याच्या मोहोरास व डाळिंबाच्या बहारास लागू करावा.

तिसरी गोष्ट, औषधांची मिश्रणे मनाने करू नयेत. भुरीवर वापरली जाणारी काही बुरशीनाशके माशीच्या विष पचविणाऱ्या विकरांस अडवितात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा बुरशीनाशकांच्या संगतीने ॲसिटामिप्रिडचे माशीवरील विषारीपण शंभर पटींहून अधिक वाढले. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत ही वाढ अल्प होती. एका औषधावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हाच यातील बोध होय.

चौथी गोष्ट, द्राक्षबागेत औषध देण्यापूर्वी वेलीखालचे फुललेले तण कापून टाकावे. माशी द्राक्षासाठी न आली तरी तणाच्या फुलासाठी येते. उलट, फवाऱ्याचा तुषार जेथे पोहोचत नाही अशा बांधावर, ओढ्याकाठी व विहिरीजवळ करंज, जांभूळ, शेवगा, बोर यांची झाडे राखावीत. चारा विपुल असलेली माशी विष अधिक सोसते, हे वर पाहिलेच आहे. पेट्यांजवळ स्वच्छ पाण्याचे उथळ भांडे, त्यात बसावयास काड्या टाकून, ठेवावे. म्हणजे माशी फवाऱ्याच्या पिंपाजवळच्या डबक्याकडे जाणार नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेजाऱ्याची आहे. माशीस बांध कळत नाही. ज्याच्या शेतात बियाणे फुलले आहे त्याने चारी बाजूंच्या शेजाऱ्यांस फुलोऱ्याच्या तारखा आधी सांगाव्यात, आणि ज्यास फवारणी टाळता येणार नाही त्याने आदल्या दिवशी त्यास कळवावे. सोसायटीच्या बैठकीत किंवा चावडीवर यासाठी दहा मिनिटे काढणे कठीण नाही. पाण्याच्या पाळ्या जर गावाने ठरवून घेता येतात, तर फुलोऱ्याचे तीन आठवडेही ठरवून पाळता आले पाहिजेत. पेट्या भाड्याने आणणाऱ्याने आसपास कोणते औषध केव्हा दिले गेले हे पेटीवाल्यास खरे सांगावे. आणि पेट्या फुले थोडी उमलू लागल्यावरच आणाव्यात, म्हणजे माश्या दुसऱ्या फुलोऱ्याची वाट धरणार नाहीत. पेट्या पाळण्याचे शिक्षण पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मिळते. ही संस्था 1962 पासून हे काम करीत आहे, आणि तिचा लाभ आपल्या तरुणांनी घ्यावा.

शेवटी एक विचार. आपण किडीचा हिशेब दुसऱ्या दिवशी करतो. पानावर तुडतुडे मेले की खर्च वसूल झाला. माशीचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी होत नाही. ती पेटीत परत जाते, पोळ्यातील अळीस तेच अन्न भरविते, अळी थोड्या दुबळेपणाने वाढते, आणि कोठून तरी आलेला विषाणू किंवा नोसेमा पुढच्या पंधरवड्यात घर रिकामे करतो. तोपर्यंत आपण फवारणीची तारीखही विसरलेले असतो, आणि दोष हवेस देतो. जे बी पुढल्या वर्षी आपण व आपले शेजारी रोपवाटिकेत टाकणार, एन-53 असो, एन-2-4-1 असो वा घरचे गावठी असो, ते या माशीच्या पायांवरून आलेले आहे. तेव्हा येत्या फुलोऱ्यात पेटीपुढची जमीन पाहून समाधान मानू नका. पेटीचे झाकण उचलून आत किती माश्या आहेत ते पाहा, आणि गोंडा हातावर चोळून किती बी निघते ते मोजा. या दोन मोजण्या करण्याची ज्यास सवय लागेल, त्यास कोणत्या दिवशी फवारा हाती घ्यावयाचा नाही हे आम्ही सांगण्याची गरज राहणार नाही.